तिकीट हातात, तरी दंड कशाचा?

प्रश्न : स. न. वि. वि. मी आणि पत्नी, दोघेही निवृत्त, सप्टेंबरअखेरीस इटलीला जात आहोत. ट्रॅव्हल कंपनीबरोबरचा भाग रोममध्ये संपल्यावर आम्ही दोघेच फ्लॉरेन्सला राहणार असून तेथून पिसा, लुका, सिएना आणि जमल्यास चिंक्वे तेर्रे येथे रेल्वेने जाऊन यायचा विचार आहे. परतीचे विमान रोमहून आहे. आमच्या व्याह्यांना तिकडे तिकीट काढलेले असूनही दंड भरावा लागला. ‘तिकीट पंच केले नव्हते’ एवढेच त्यांना सांगता येते. मुलगा म्हणतो, मी पुण्यातूनच सगळी तिकिटे ऑनलाइन काढून व्हॉट्सॲपवर पाठवतो, तुम्ही फक्त दाखवा. पत्नीचे म्हणणे, तिकीट तिथे जाऊन हातात घ्यावे. कोणाचे ऐकावे? आणि तिकीट असताना दंड होतोच कसा? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सौ. वहिनींचे ऐकावे. मुलाचा उत्साह वाया जाऊ द्यायचा नसेल, तर रोमहून फ्लॉरेन्सला जाणाऱ्या वेगवान गाडीचे आरक्षण त्याच्याकडे सोपवावे, कारण फ्रेच्चारोस्सा किंवा इटालो या गाड्यांची तिकिटे आधी घेतल्यास बरीच स्वस्त पडतात, त्यांच्यावर गाडी, डबा आणि आसन ठरलेले असते आणि ती पंच करण्याचा प्रश्नच येत नाही. पिसा, लुका, सिएना या फेऱ्या मात्र तुम्ही ज्या गाड्यांनी कराल त्या ‘रेजोनाले’ किंवा ‘रेजोनाले व्हेलोचे’, म्हणजे प्रादेशिक गाड्या आहेत. त्यांचे भाडे अंतरावर ठरते. ते तीन महिने आधी जितके असते तितकेच गाडी सुटण्याच्या पाच मिनिटे आधीही असते. आसनाचे आरक्षण नसते, जागा संपली म्हणून तिकीट नाकारले जात नाही आणि आधी काढल्याने एक सेंटही वाचत नाही. असे असताना हवामान कसे असेल, गुडघे काय म्हणतील आणि सकाळी किती वाजता बाहेर पडणे होईल, हे पुण्यात बसून ठरवण्यात काही हशील नाही.

आता दंडाविषयी. या तिकिटावर गाडीचे बंधन नसते, हीच त्याची सोय आणि हीच त्यातली मेख. छापील तिकीट ज्या तारखेचे काढले त्या तारखेला त्या मार्गावरील कोणत्याही प्रादेशिक गाडीला चालते. म्हणजे सकाळी पिसाला जाऊन आलेला माणूस तेच तिकीट संध्याकाळी दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ शकला असता. ते एकदाच वापरले जावे म्हणून वापर सुरू झाल्याची वेळ त्यावर उमटवण्याची जबाबदारी प्रवाशावर टाकलेली आहे. मुंबईच्या लोकलमध्ये पूर्वी कूपनांची पुस्तिका मिळत असे आणि स्टेशनवरच्या यंत्रात कूपन पंच केल्याशिवाय त्याला किंमत नसे. ज्यांनी ती कूपने वापरली आहेत त्यांना व्याह्यांच्या दंडाचे कारण एका वाक्यात कळेल. इटलीतील टीसीच्या दृष्टीने पंच न केलेले तिकीट म्हणजे पैसे भरलेले, पण अजून सुरू न झालेले तिकीट होय. ‘आम्ही परदेशी आहोत, आम्हाला ठाऊक नव्हते’ हे वाक्य तो रोज ऐकतो. त्याने सोडून दिले तर तो त्याचा चांगुलपणा, तो आपला हक्क समजू नये. दंडाची रक्कम त्या त्या प्रदेशाच्या नियमांप्रमाणे बदलते, पण ती तिकिटाच्या किमतीच्या कित्येक पट असते आणि जागेवर भरल्यास सहसा कमी, नंतर भरायची म्हटल्यास जास्त होते.

पंच करण्याची कृती अगदी साधी आहे, तरीही ती एकदा डोळ्यांसमोर आणून ठेवावी. फलाटाच्या तोंडाशी, जिन्याजवळ किंवा भुयारी मार्गाच्या कडेला, भिंतीवर अथवा खांबावर टपालपेटीपेक्षा लहान अशी पेटी बसवलेली असते. नव्या पेट्या हिरव्या-पांढऱ्या, जुन्या पिवळ्या. तिच्या फटीत तिकिटाचे टोक घालावे, डावीकडे सरकवून जरा दाबून धरावे, आत करकर आवाज होतो आणि तिकिटाच्या कडेला तारीख, वेळ व स्टेशनचे नाव छापले जाते. तिकीट बाहेर काढल्यावर तसेच खिशात घालू नये. शाई संपलेली असली किंवा तिकीट तिरपे गेले असले, तर आवाज होतो पण अक्षर उमटत नाही, म्हणून उजेडाकडे धरून वेळ वाचता येते का ते पाहावे आणि न आल्यास शेजारच्या पेटीत पुन्हा घालावे. दोघांची दोन तिकिटे असतील तर दोन्ही पंच करायची. फ्लॉरेन्सच्या मुख्य स्टेशनवर फलाटांकडे जाताना तिकीट दाखवावे लागते आणि तिथला कर्मचारी मान हलवून आत सोडतो. या तपासणीलाच पंच समजून पुढे जाणारे पुष्कळ असतात, आणि गाडीत टीसी आला की त्यांची पंचाईत होते.

एकदा पंच केलेले तिकीट चार तास चालते. त्या चार तासांत वाटेत गाडी बदलावी लागली तरी पुन्हा पंच करायचे नसते. उदाहरणार्थ, सिएनाला जाताना काही गाड्या एम्पोली येथे बदलाव्या लागतात, पण तिकीट एकच आणि पंचही फ्लॉरेन्सला एकदाच. जुन्या प्रवासवर्णनांत किंवा कोणा अनुभवी नातेवाइकाच्या तोंडून ‘तिकिटे घेऊन ठेवा, दोन महिने चालतात’ असे ऐकलेत तर ते विसरून जावे. ती सवलत २०१६ च्या ऑगस्टमध्ये संपली आणि तेव्हापासून तिकीट त्यावर छापलेल्या तारखेच्या मध्यरात्रीपर्यंतच वैध असते. तारीख आपल्यासारखीच आधी दिवस, मग महिना अशी लिहितात, त्यामुळे तिथे घोटाळा होणार नाही; वेळ मात्र चोवीस तासांच्या घड्याळाची असते.

हा चार तासांचा नियम तुमच्या पिसा-लुकाच्या दिवसाला नेमका लागू होतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. सकाळी फ्लॉरेन्सहून पिसा हा साधारण तास-सव्वा तासाचा प्रवास, दुपारी पिसाहून लुका अर्धा तास आणि संध्याकाळी लुकाहून फ्लॉरेन्स सुमारे सव्वा ते दीड तास, असा हा त्रिकोण एका दिवसात आरामात होतो. तिन्ही तिकिटे सकाळीच काढून ठेवता येतात आणि ते सोयीचेही आहे, कारण परतीच्या गाडीच्या वेळी लुकाच्या स्टेशनवर यंत्रापुढे रांग असेल तर जीव टांगणीला लागत नाही. पण सकाळी पंच करायचे ते फक्त फ्लॉरेन्स-पिसाचे. उत्साहाच्या भरात सगळी तिकिटे एकदमच पंच केली, तर संध्याकाळच्या तिकिटाची मुदत लुकाच्या तटबंदीवरून फेरफटका मारत असतानाच संपून जाईल. उलट घाईघाईत चुकीचे तिकीट यंत्रात घातले गेले, तर सकाळचे कोरे राहील आणि संध्याकाळचे वाया जाईल. तिन्ही तिकिटे दिसायला सारखीच असतात, म्हणून ती वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावीत आणि पेटीपुढे उभे राहिल्यावर ‘कोठून कोठे’ ही ओळ एकदा वाचावी. जाण्या-येण्याचे तिकीट एकदम घेतले तरी हाच नियम: जाताना जाण्याचे, परतताना परतीचे.

तिकीट कोठे घ्यावे याविषयी वहिनींच्या म्हणण्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. मोठ्या स्टेशनवर तिकीट खिडकी असते, पण रांग मोठी असते आणि यंत्रे बाजूलाच असतात. यंत्राच्या पडद्यावर आधी भाषा निवडावी, इंग्रजी मिळते. स्थानकांची नावे मात्र इटालियन रूपातच शोधावी लागतात. फ्लॉरेन्स म्हणजे ‘फिरेंझे’ आणि त्यातले तुमचे स्टेशन ‘सान्ता मारिया नोव्हेला’, जे फलकांवर अनेकदा केवळ तीन आद्याक्षरांत लिहिलेले असते. पिसामध्ये ‘चेंत्राले’ हे मुख्य स्टेशन. झुकत्या मनोऱ्याला जवळचे स्टेशन मात्र ‘सान रोस्सोरे’, आणि लुकाकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्या तिथे थांबतात. पडद्यावर त्याच मार्गावरील महागड्या गाड्याही दिसतात, त्यामुळे किंमत पाहूनच पुढची कळ दाबावी. प्रादेशिक गाडीचे पिसाचे भाडे माणशी दहा युरोंच्या आत असते. दुसऱ्या वर्गाचे तिकीट पुरेसे आहे, फक्त डब्यावर १ हा आकडा लिहिलेला असेल तर तिथे बसू नये. लहान स्टेशनवर खिडकी नसते आणि यंत्र एखादेच असते. अशा ठिकाणी स्टेशनातल्या कॅफेत किंवा जवळच्या ‘ताबाक्की’च्या, म्हणजे सिगारेट-तंबाखूच्या दुकानात तिकीट मिळू शकते. गडद पाटीवर पांढरे टी अक्षर हे त्या दुकानाचे चिन्ह.

यंत्राजवळ कोणी आपणहून मदतीला आले, विशेषतः रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर, तर हसून नकार द्यावा. हे लोक झरझर कळा दाबून तिकीट काढून देतात, मग सुटे पैसे मागतात, आणि त्यांच्यातल्या काहींची नजर तुमच्या पाकिटावर असते. रेल्वेची माणसे गणवेशात असतात. यंत्रे नोटा घेतात, पण मोठ्या नोटेची मोड मिळेलच असे नाही, त्यामुळे दहा-वीस युरोंच्या नोटा जवळ असू द्याव्यात. कार्ड वापरणार असाल तर त्यावरील परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे आपल्याकडची नवी कार्डे परदेशी वापरासाठी मुळात बंदच असतात आणि ही गोष्ट नेमकी रांगेत उभे असताना लक्षात येते.

फलाट शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: फलकावर गाडीचे शेवटचे स्टेशन लिहिलेले असते, तुमचे नव्हे. पिसाला जाणारी गाडी लिव्होर्नोची असू शकते. स्टेशनवर छापील वेळापत्रके लावलेली असतात, त्यांपैकी पिवळे सुटणाऱ्या गाड्यांचे आणि पांढरे येणाऱ्या गाड्यांचे. पांढऱ्यासमोर उभे राहून वेळ जुळवत बसणारे प्रवासी तुम्हाला रोज दिसतील. गाडीचा क्रमांक आणि सुटण्याची वेळ कागदावर टिपून ठेवली, की फलकावरची ओळ चटकन सापडते. त्या ओळीत ‘बिनारिओ’ या स्तंभाखालचा आकडा म्हणजे फलाट. तो आकडा कधी कधी ऐन वेळी बदलतो, तेव्हा गाडी येईपर्यंत फलकाकडे लक्ष असू द्यावे.

पंच करण्याचे यंत्रच बंद असेल तर काय करावे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो कधीतरी पडणारच. आधी दुसरे यंत्र शोधावे. तेही बंद असेल किंवा गाडी सुटायला आलीच असेल, तर तिकिटावर पेनाने तारीख, वेळ आणि स्टेशनचे नाव लिहावे आणि गाडीत चढतानाच टीसीला गाठून ते दाखवावे. तो येईल तेव्हा सांगू, म्हणून जागेवर बसून राहू नये, कारण आपण त्याच्याकडे जाणे आणि त्याने आपल्याला शोधणे यांत दंडाइतके अंतर आहे. प्रादेशिक गाडीत टीसी हाच गाडीचा प्रमुख असतो आणि स्टेशनवर गाडी थांबली की बहुधा दाराशी उभा दिसतो. तिकीट न घेताच चढून गाडीत काढण्याचा विचार मात्र करू नये. तिथे जादा आकारणी ठरलेली आहे.

आता मुलाच्या सूचनेविषयी. डिजिटल तिकीट वाईट नाही. ज्याच्या हातात चालू इंटरनेट असलेला फोन आहे आणि जो ते स्वतः काढतो, त्याला कागद व पेटी या दोन्हींपासून सुटका मिळते. पण ‘फक्त दाखवा’ हे त्याचे म्हणणे अपुरे आहे. हे तिकीट नावाचे असते. प्रवाशाचे नाव, आडनाव त्यावर असते आणि टीसी पारपत्र मागू शकतो. मुलाने घाईत स्वतःच्याच नावावर दोन तिकिटे काढली, तर ती तुमच्या उपयोगाची नाहीत. आपल्या पारपत्रांत स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव जोडलेले असते, तेव्हा नावाच्या रकान्यात आणि आडनावाच्या रकान्यात पारपत्राप्रमाणेच मजकूर भरावा. शिवाय २०२३ च्या सप्टेंबरपासून डिजिटल प्रादेशिक तिकिटाला चेक-इनची पद्धत लागू झाली. पेटीत पंच करण्याचे काम इथे चेक-इन करते. तिकिटाबरोबर आलेल्या मेलमध्ये त्याविषयी काय लिहिले आहे, ते आपोआप होणार आहे की प्रवाशाने दुव्यावर जाऊन करायचे आहे, हे गाडीत चढण्याआधी वाचलेले असावे. मेल जाणार मुलाकडे, चढणार तुम्ही. फ्लॉरेन्सला सकाळचे आठ वाजतात तेव्हा सप्टेंबरात पुण्यात साडेअकरा वाजलेले असतात आणि चिरंजीव बहुधा मीटिंगमध्ये असतात. तारीख बदलायची झाल्यास ती आदल्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंत विनामूल्य बदलता येते, पण त्यासाठीही पुन्हा त्याच्याच मागे लागावे लागेल. म्हणून डिजिटल तिकीट हवेच असेल तर रेल्वे कंपनीचे, म्हणजे त्रेनइतालियाचे ॲप तुमच्या स्वतःच्या फोनवर घालून घ्यावे आणि व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या चित्रावर विसंबू नये.

सिएनासाठी माझे मत विचाराल तर रेल्वेपेक्षा बस बरी. सिएनाचे स्टेशन गावाखाली आहे आणि तिथून वर जायला समोरच्या मॉलमधून सरकत्या जिन्यांची लांबलचक मालिका चढावी लागते. फ्लॉरेन्सहून निघणारी जलद बस थेट जुन्या गावाच्या कडेला सोडते. बसचे तिकीट वेगळे, रेल्वेचे तिथे चालत नाही.

चिंक्वे तेर्रेचा बेत एका दिवसात बसवायचा असेल तर पहाटे उठण्याची तयारी ठेवावी. फ्लॉरेन्सहून ला स्पेझ्झियापर्यंत प्रादेशिक गाडीने सुमारे अडीच तास लागतात आणि बहुतेक वेळा पिसाला गाडी बदलावी लागते. पिसा ते ला स्पेझ्झिया या मार्गावर इंटरसिटी आणि इतर महागड्या गाड्याही धावतात आणि त्याच फलाटावर लागू शकतात; तुमचे तिकीट त्यांत चालत नाही, आणि पंच केलेले असले तरी चालत नाही. ला स्पेझ्झिया ते लेव्हान्तो या पट्ट्यात रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, व्हेर्नाझ्झा आणि मोन्तेरोस्सो ही चिंक्वे तेर्रेची पाच गावे येतात. एकेका टप्प्याचे तिकीट तिथे अंतराच्या मानाने फारच महाग पडते. तीन-चार गावी उतरायचे असेल तर दिवसभर हव्या तितक्या वेळा चढण्या-उतरण्याची मुभा देणारे चिंक्वे तेर्रे ट्रेन कार्ड घ्यावे. त्याची किंमत हंगामाप्रमाणे बदलते. छापील कार्डावर आपले नाव लिहून पहिल्या प्रवासापूर्वी ते एकदा पंच करावे लागते, आणि नेमक्या याच पट्ट्यात तपासणी कडक असते. कोर्निल्या स्टेशनपासून गावापर्यंत पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. गुडघ्यांची तक्रार असेल तर ते गाव गाडीतूनच पाहावे किंवा स्टेशनवरून सुटणारी छोटी बस धरावी.

परतीच्या दिवशी रोमच्या तेर्मिनीहून फ्युमिचीनो विमानतळापर्यंत लिओनार्दो एक्सप्रेस ही न थांबणारी गाडी आहे. ती ३२ मिनिटांत पोहोचते आणि भाडे माणशी १४ युरो आहे. तिच्यात आसन ठरलेले नसते, त्यामुळे छापील तिकीट असल्यास तेही पंच करायचे. आठ युरोंची जी विमानतळ गाडी मिळते ती तेर्मिनीला येतच नाही; ती तिबुर्तीना, ओस्तिएन्से, त्रास्तेव्हेरे या स्टेशनांवरून जाते आणि तिचे तिकीट एक्सप्रेसला चालत नाही. सामानासह असाल तर सहा युरो वाचवण्यासाठी ती वाट धरू नये.

निघण्याच्या आठवड्यात मुलाला एक काम जरूर सांगावे: तुमच्या तारखांना रेल्वेचा संप, ज्याला तिकडे ‘शोपेरो’ म्हणतात, जाहीर झालेला नाही ना, ते पाहून कळवणे. संप तिथे बऱ्याचदा होतात, पण आधी जाहीर करून होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. असा दिवस पिसाच्या वाट्याला आला तर सकाळच्या पट्ट्यात जाऊन संध्याकाळच्या पट्ट्यात परतता येईल. चिंक्वे तेर्रेच्या वाट्याला आला तर त्या दिवशी फ्लॉरेन्समध्येच राहावे.